नव्या गाडीत हवा किती ठेवायची? स्टिकर ३३ म्हणतो, पंपवाला ३५, मेहुणे २८

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी.

जुनी गाडी विकून यंदा सात सीटांची घेतली. गणपतीला आईबाबांसकट सगळं बिऱ्हाड रत्नागिरीला न्यायचं आहे. नाशिक, पुणे, कराड, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गाडी झकास आहे, तक्रार नाही. घोळ फक्त हवेचा आहे.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतो. त्यावर दोन ओळी आहेत: तीन माणसांपर्यंत चारही चाकांत ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), गाडी पूर्ण भरली तर पुढे ३३ आणि मागे ३६. टायरच्या अंगावर मात्र 'कमाल ५१' असं कोरलंय. पंपावरचा पोरगा न विचारता आल्या गाडीला ३५ मारतो. मेहुणे म्हणतात, उन्हाळ्यात २८ च्या वर जायचंच नाही, हवा तापून टायर फुटतो. आणि शोरूमने ताबा दिला त्या दिवशी मोजली तर ४२ निघाली!

ऐकायचं कोणाचं? नायट्रोजन भरून घ्यावा का, हेही सांगा.

गावठी_अभियंता

स्टिकरचं ऐका.

५१ हा टायर बनवणाऱ्याचा आकडा, म्हणजे त्या टायरला सोसेल ती कमाल हवा. तोच टायर चार वेगळ्या गाड्यांना बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन काय ठाऊक? ३३ आणि ३६ हे गाडी बनवणाऱ्याने ठरवलेत. पुढच्या-मागच्या ॲक्सलवर किती भार पडतो, ब्रेक, वळणावरची पकड, मायलेज, मागे बसणाऱ्याची पाठ, हे सगळं धरून.

शोरूमच्या ४२ चं कारण साधं आहे. गाड्या यार्डात कित्येक दिवस एकाच जागी उभ्या असतात. टायर खालून चपटे पडू नयेत म्हणून हवा मुद्दाम जास्त मारतात. ताबा देण्याआधी ती उतरवायची असते, पण पेढे आणि फोटोच्या गडबडीत राहून जातं.

मेहुण्यांचा हिशोब मात्र उलटा आहे. टायर तापतो तो हवा कमी असली की. कमी हवेत टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि परत सुटते. ताशी १०० च्या वेगात तुमचं चाक सेकंदाला साधारण १४ फेरे मारतं. तार वाकवून वाकवून तोडताना ती वाकल्या जागी चटका देते ना, तोच प्रकार तिथे तासन्‌तास चालू असतो. त्या उष्णतेने रबर आणि आतल्या तारांची-दोऱ्यांची पकड सुटते आणि टायर फाटतो. बाहेरून काही दिसत नाही. चालून चालून दाब वाढतो हे खरं, पण तो तीन ते पाच पीएसआय. स्टिकरचा आकडा ते गृहीत धरूनच दिलेला असतो.

म्हणून तो आकडा गार टायरचा. गाडी निदान तीन तास उभी हवी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली.

संत्रानगरी

गावठी भाऊ, +१.

आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि दरवर्षी हाच सल्ला फिरतो: सिमेंटचा रस्ता आहे, समृद्धीवर जाताना हवा कमी करून जा. म्हणजे जो रस्ता सगळ्यात तापलेला, जिथे वेग सगळ्यात जास्त आणि थांबा सगळ्यात कमी, तिथेच टायर ढिला करून सोडायचा! समृद्धी नागपूरहून आमण्यापर्यंत ७०१ किमी आहे, सपाट भागात कारला १२० ची मुभा आहे. तिथे २८ पीएसआयवर सात माणसं घेऊन निघणं म्हणजे संकट अंगावर ओढून घेणं.

आमच्याकडे खरी गडबड ऋतू बदलताना होते. दहा अंश तापमान बदललं की दाब दीड पीएसआयने हलतो. जानेवारीत पहाटे १२ अंशांत ३३ भरली आणि पुढे काहीच कमी-जास्त झालं नाही, तर मेच्या दुपारी उभ्या गाडीत ३८ च्या पुढे दिसेल. उलट मेमध्ये पहाटे ३० अंशांत ३३ भरली की डिसेंबरच्या पहाटे ३० उरते, आणि वर दर महिन्याला एखादा पीएसआय असाच झिरपतो तो वेगळा. म्हणून ऋतू बदलला की पहाटे मोजायची, त्या दिवसाची ३३ करायची. दुपारी ३६ दिसली म्हणून घाबरून सोडायची नाही.

आणि टायरची तारीख बघा. अंगावर 'DOT' (डीओटी) अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यात शेवटचे चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नवी गाडी घेतली म्हणून तुमचं ठीक, पण सेकंडहँड घेणारे खोबणी बघतात आणि वय विसरतात.

जुनाजाणता

मेहुण्यांना एवढं झोडपू नका. त्यांचा २८ हवेतून आलेला नाही (कोटी अनावधानाने). मारुती ८०० च्या काळात पंचविशीच्या आसपास हवा भरायचो आम्ही, आणि ती तेव्हा बरोबरच होती. गाडी साडेसहाशे किलोची, टायर बारा इंची, आत ट्यूब. मुंबई-पुणे जुन्या घाटाने जायचं तर खंडाळ्यात इंजिनच आधी तापायचं, टायरची पाळी कुठे यायची. आता गाडी दुप्पट वजनाची आहे. आकडा बदलला, सल्ला तोच राहिला.

निशिगंध_पनवेल

सगळे म्हणतात 'गार असताना मोजा'. बरोबर आहे, पण हवा मिळते पंपावर आणि पंप घरापासून चार-पाच किलोमीटर लांब. तिथे पोचेपर्यंत टायर गार राहत नाही. मी काय करते ते सांगते.

घरी हवा मोजायचा एक काटा ठेवायचा. सकाळी गाडी हलवायच्या आधी चारही चाकं मोजून मोबाइलमध्ये लिहून घ्यायची. समजा डावं पुढचं २९ आलं आणि हवी ३३, म्हणजे कमी ४. पंपावर पोचल्यावर तेच चाक ३१ दाखवेल. त्या ३१ मध्ये ४ मिळवायचे आणि ३५ वर थांबायचं. पोरगा म्हणेल 'मॅडम, स्टिकरवर ३३ आहे', त्याला म्हणायचं तू भर. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर ३३ सापडते.

लोक याच्या उलट करतात. एक्सप्रेसवेवरून उतरून पंपावर जातात, काटा ३८ दाखवतो, मग 'जास्त झाली' म्हणून सोडून ३३ करतात. सकाळी ती २८ असते. झाली मेहुण्यांची इच्छा पूर्ण.

हल्ली बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप दोन-अडीच हजारांत मिळतो. आकडा लावा, तिथे आपोआप थांबतो. आवाजाने सोसायटी जागी होते एवढंच. आमच्याकडे तो आल्यापासून पंपावरच्या रांगेत उभं राहणं बंद झालं.

हडपसरी

निशिगंधताई, पंपाचा काटा आणि घरचा काटा जुळत नसेल तर? माझ्यात आणि पंपात तीनचा फरक येतो.

निशिगंध_पनवेल

पंपावरच्या पाइपाला लावलेला डायल दिवसभर जमिनीवर आपटत असतो, कुणी त्यावरून गाडीही नेतं. मशीनमध्ये आकडा लावायचा डिजिटल पंप असेल तर तो बरा. दोन-तीन वेगळ्या ठिकाणी त्याच टायरवर आपला काटा ताडून बघा. बहुमत जिकडे असेल ते खरं धरायचं. आणि पुढे एकच काटा वापरायचा, म्हणजे चारही चाकं निदान आपापसात तरी सारखी राहतात.

हो, आणि हवा फुकट असते. पेट्रोलपंपांना ती मोफत द्यावी लागते, इंधन भरलं असो वा नसो. पोराला खुशीने दहा रुपये देणं वेगळं.

न्यूजर्सीकर

स्टिकर म्हणजे वेदवाक्य, असा सूर इथे लागलाय म्हणून एक जुनं प्रकरण सांगतो. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते. टायरची वरची पट्टी सुटून गाड्या उलटत होत्या आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. टायर सदोष होतेच. पण एक वाद हवेचाही होता: फोर्डच्या स्टिकरवर २६ होतं, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी. कमी हवेने गाडी मऊ चालते आणि उंच गाडी उलटायला जरा कमी धजते, पण टायर जास्त तापतो. त्यात लोक महिनोन्‌महिने मोजत नाहीत. म्हणजे २६ ची २२ व्हायला वेळ लागत नाही, आणि उन्हाळ्यात टेक्सास-ॲरिझोनाचा हायवे.

त्याच वर्षी इथे कायदा झाला आणि पुढे २००७ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. दाब स्टिकरपेक्षा २५ टक्क्यांनी घसरला की दिवा लागतो.

म्हणून मी स्टिकरच्या खाली कधीच जात नाही, पण भरलेल्या गाडीला त्याच्यावर दोन पीएसआय ठेवतो. इथल्या थंडीचा अनुभवही असाच. ऑक्टोबरात २५ अंशांत ३३ भरली, जानेवारीत उणे १२ ला सकाळी २७ उरते, झिरपलेली धरून अजून खाली. पहिल्या कडाक्याच्या सकाळी अख्ख्या गल्लीत सगळ्यांच्या गाड्यांत तो पिवळा दिवा लागलेला असतो आणि सगळे पंक्चरच्या शंकेने टायरभोवती फिरत असतात.

गावठी_अभियंता

न्यूजर्सीकर, सहमत. मला फक्त 'खाली नको' यावर भर द्यायचा होता. दोन जास्त चालतात. आठ जास्त नाही. जास्त हवेने टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारी जागा कमी होते, मध्येच झिजतो आणि खड्ड्यातला दणका थेट सस्पेन्शनला बसतो. कमी हवेत दोन्ही कडा झिजतात. तुमचा टायर कुठे झिजलाय त्यावरून गेल्या वर्षभराची हवा सांगता येते.

गोदाकाठचा, तुमच्या स्टिकरवर दुसरी ओळ आहे ना, तीच गणपतीच्या प्रवासाची. लोक पहिली ओळ वाचून दार बंद करतात. सात माणसं, डिकीत बॅगा, वर कॅरिअर असेल तर त्यावरचं सामान, हे सगळं मुख्यतः मागच्या ॲक्सलवर जातं. रत्नागिरीहून आल्यावर पुन्हा पहिली ओळ.

कडेपूरचा_पैलवान

सीएनजीवाल्यांचं काय? माझ्यात बाहेरून बसवलेलं किट आहे.

गावठी_अभियंता

चांगला प्रश्न. डिकीतली टाकी रिकामी असतानासुद्धा वजनाला एका माणसाएवढी भरते. ती कायमची मागे बसलेली असते. कंपनीची सीएनजी गाडी असेल तर तिचा स्टिकरच वेगळा असू शकतो. बाहेरून बसवलं असेल तर स्टिकर पेट्रोलच्या गाडीचा, म्हणून मागच्या चाकांना निदान भरलेल्या गाडीची ओळ लावा. आणि टायरवरचा भारांक बघून घ्या. १८५/६५ आर १५ च्या पुढे ८८ लिहिलं असेल तर त्या टायरला ५६० किलो, ८५ असेल तर ५१५. टायर बदलताना स्वस्त म्हणून कमी भारांकाचा घेतला तर कितीही अचूक हवा भरून उपयोग नाही.

आडवाटेचा

नायट्रोजनवर कोणीच बोलेना. मी भरतो. गार राहतो, दाब वाढत नाही.

संत्रानगरी

साधी हवा म्हणजे ७८ टक्के नायट्रोजनच आहे भाऊ. तापल्यावर दोघंही सारखेच फुगतात. वायूला नाव वाचता येत नाही.

गावठी_अभियंता

फरक आहे, पण छोटा. सिलिंडरचा नायट्रोजन कोरडा असतो, पंपाच्या हवेत पाण्याचा अंश असतो, आणि तो थोडा हळू झिरपतो. विमानांत, रेसिंगमध्ये त्याला अर्थ आहे. आपल्याला तोटा एकच: नायट्रोजन भरलाय म्हणून सहा महिने मोजायचं विसरणं. आणि वाटेत साधी हवा टॉप-अप केली तर काही बिघडत नाही. 'मिक्स झाला' म्हणून सगळा काढून परत भरायचे पैसे मागतील, देऊ नका.

आडवाटेचा

चाकाला वीस रुपये, कुठे एवढे लागतात. चालू द्या.

घाटवळण

अवांतर, पण मला आवडलेलं. काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तो. घाट चढलात की बाहेरची हवा विरळ होते, म्हणून काटा वाढतो. समुद्रकाठापासून महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे साडेतेराशे मीटरवर, सुमारे दोन पीएसआय. पण वर दहा-बारा अंशांनी थंड असतं, त्याने पावणेदोन उतरते. जवळजवळ फिटंफाट! कोकणातून वर येताना हवेची काळजी करू नका, ब्रेकची करा. आणि उतरताना गियरवर उतरा.

पावसाळी_ढग

कोकणात जाणार आहात, तेही भाद्रपदात. मग पाण्यावर चाक तरंगण्याबद्दल बोलायलाच हवं. रस्त्यावर पाण्याचा थर असतो, खोबण्यांना ते बाजूला ढकलायला वेळ पुरला नाही की टायर पाण्यावर चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, तो क्षण. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं: तरंगण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ते तसंच लावलं तर ३३ पीएसआयला ताशी ९५ च्या आसपास, २५ ला ८३. कारचा टायर वेगळा, म्हणून आकडे जसेच्या तसे धरू नका, पण दिशा तीच: हवा कमी तर लवकर तरंगणार.

'पावसात हवा कमी केली की पकड वाढते' हे वाळूतल्या आणि चिखलातल्या जीपवाल्यांचं सूत्र आहे. दापोलीच्या पुळणीवर बरोबर. डांबरी रस्त्यावर नाही.

खोबणी १.६ मिमीवर आली की टायर बाद. खोबणीत मध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की समजा. मी पावसाळ्याआधी त्याच्या बऱ्याच आधी बदलतो.

कुडाळकर

पावसाळी_ढग यांना दंडवत. हायवेवरच्या खड्ड्यांची भर घालतो. हवा कमी असताना खड्ड्यात गेलं की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटतो. आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. त्याला पंक्चर काढणं नाही, टायर गेला. रात्री मुक्कामाला पोचलात की मोबाइलची बॅटरी लावून चारही टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा. आतली बाजू कुणी बघत नाही, फुगा तिथेही येतो.

हवा वारंवार एकाच चाकात उतरत असेल तर आधी वॉल्व्ह. आमचा टायरवाला टोपी काढून ओलं बोट वॉल्व्हच्या तोंडावर टेकवतो. बुडबुडा आला की म्हणतो, पिन गेली. छोट्याशा किल्लीने पिन फिरवून काढतो, नवी बसवतो, पुन्हा बोट. दहा रुपयांचं काम. त्याशिवाय लोक दोन महिने पंक्चर शोधत बसतात.

हडपसरी

माझ्या गाडीत दाबाचा दिवा आहे. म्हणजे मोजायची गरज नाही ना?

न्यूजर्सीकर

दिवा दोन प्रकारचा. एकात प्रत्येक वॉल्व्हला सेन्सर असतो, डॅशबोर्डवर चार आकडे दिसतात. दुसऱ्यात वॉल्व्हला सेन्सर नसतो, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) चाकांचे फेरे मोजते. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरू लागलं तर त्यातली हवा उतरली असं गाडी ठरवते. आता चारही चाकं सारखीच उतरली तर? चौघंही सारखीच फिरतात, दिवा गप्प. तुमच्या गाडीत आकडे दिसत नसतील तर बहुधा हाच. हवा भरल्यावर त्याला रीसेट करायला विसरू नका, नाहीतर तो जुन्याच हवेला प्रमाण मानत राहतो.

आकडे दिसणारा असला तरी २५ टक्के म्हणजे ३३ ची पावणेपंचवीस. तिथपर्यंत तो बोलणार नाही.

कडेपूरचा_पैलवान

मायलेजचं बोला राव. सगळे जीव वाचवायला निघालेत, इथे गॅसच्या रांगेत जीव जातोय.

घाटवळण

अमेरिकन सरकारचा ढोबळ आकडा आहे, सरासरी एक पीएसआय कमी झाली की मायलेज ०.२ टक्के घटतं. म्हणजे पाच कमी असतील तर एक टक्का. शंभराच्या गॅसमागे एक रुपया. टायर वेळेआधी झिजतो तो खर्च याच्यापेक्षा मोठा. मायलेज हवं असेल तर उजव्या पायाचा दाब मोजा.

गोदाकाठचा

सर्वांचे आभार, एवढं सापडेल असं वाटलं नव्हतं. आज सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजली. पुढची दोन्ही ३६, मागची एक ३५, दुसरी ३०. निशिगंधताईंच्या पद्धतीने पंपावर नीट करून आणली. ३० वालीच्या वॉल्व्हला बोट लावलं, बुडबुडा आला! पिन बदलली. मेहुण्यांना धागा पाठवला आहे, त्यांनी निळी खूण दिली आणि गप्प.

आता एकच राहिलं. स्टेपनी. ती गाडीच्या पोटाखाली लटकवलेली आहे आणि बाकीच्या चाकांपेक्षा बारीक दिसते. तिच्यात किती?

गावठी_अभियंता

बारीक असेल तर ती तात्पुरती स्टेपनी. तिच्या अंगावर बघा, बहुतेक ६० पीएसआय लिहिलेलं असेल आणि वेग ८० च्या आत. ते ६० खरंच भरायचे असतात, तिथे ३३ चालत नाही. बाकीच्या चाकांएवढीच असेल तर स्टिकरवरचा सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे तुमच्यासाठी ३६ आणि वर दोन-तीन. मागे लागली तरी चालते, पुढे लावायची झाली तर हवा सोडता येते, रस्त्यात भरता येत नाही.

पोटाखाली लटकवलेलीत वॉल्व्ह कुठल्या बाजूला आहे ते आत्ताच बघून घ्या. वरच्या बाजूला असेल तर मोजायलाच अख्खं चाक खाली उतरवावं लागतं. पान्याने डिकीतला नट फिरवून साखळी सैल करायची असते, तो नट गंजलेला निघतो. घरी उतरवा, नटाला थोडं ग्रीस लावा. कुंभार्लीत पावसात हे शिकायला जाऊ नका.

गोदाकाठचा

वॉल्व्ह वरच्याच बाजूला आहे. रविवारी उतरवतो, मेहुण्यांना मदतीला बोलावलंय.